टेक्सासच्या उन्हात उणे चाळीस

अमेरिकेत १९८८ ते १९९५ या काळातले शेव्हरोलेचे पिकअप ट्रक अजूनही शेतांवर, बांधकामांवर राबताना दिसतात. त्यांतलं ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन दांडगं. पण त्याला पेट्रोल किती द्यायचं हे संगणक ठरवतो, आणि तेही सेन्सर जे सांगतील त्यावरून. म्हणूनच अशा ट्रकची एक तक्रार गॅरेजवाल्यांच्या ओळखीची आहे: पेट्रोलचा वास येतो, धूर काळा आहे, अ‍ॅव्हरेज पडलंय, गरम इंजिन बंद केलं की पुन्हा सुरू होताना कुरकुर करतं. मग स्पार्क प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ होतात, मालकाचा खिसा हलका होतो. दोष मात्र कधी कधी एवढाच असतो, की कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरवरचा कनेक्टर निसटलेला आहे.

हा सेन्सर तापमानानुसार आपला विद्युतरोध बदलतो. १०० अंश सेल्सिअसला रोध सुमारे १७७ ओहम, २० अंशांना साडेतीन हजारांच्या आसपास, आणि उणे ४० ला लाखभर. संगणक त्याच्याकडे ५ व्होल्ट पाठवतो आणि त्यातले किती उरले ते मोजतो. कनेक्टर सुटला की वाटच बंद, म्हणजे ५ व्होल्ट जसेच्या तसे. संगणकाच्या हिशेबात याचा अर्थ एकच: कडाक्याची थंडी. ट्रक टेक्सासच्या उन्हात तापत असला तरी संगणक उणे ४० धरून पेट्रोल ओततो. (सेल्सिअस आणि फॅरनहाइट या आकड्यावर एक होतात, त्यामुळे निदान एककावरून तरी वाद नको.) काही वेळाने त्याला शंका येते, ‘चेक इंजिन’ दिवा लागतो आणि अंदाजाने तापमान धरून तो गाडी रेटतो.

फसवतो तो डॅशबोर्डवरचा काटा.

काटा बरोबर तापमान दाखवतोय म्हणजे सेन्सर ठणठणीत, असं मालक छातीठोकपणे सांगतो. पण काट्याचा सेन्सर निराळा, एका वायरीचा, सिलिंडर हेडमध्ये बसवलेला. संगणकाचा सेन्सर दोन वायरींचा, पुढच्या बाजूला थर्मोस्टॅटजवळ. थर्मोस्टॅट बदलताना त्याचा कनेक्टर काढला जातो आणि लावायचा राहतो. किंवा वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ठिसूळ झालेली प्लॅस्टिकची खिट्टी तुटते. मग कनेक्टर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्याखड्ड्याने सैल होत जातो.

निदानाला स्कॅनर लागत नाही, हे या ट्रकचं सुख. डॅशबोर्डखाली १२ खाचांचं सॉकेट असतं. इंजिन बंद ठेवून, त्यातल्या ए आणि बी या खाचा वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडायच्या आणि चावी फिरवायची. ‘चेक इंजिन’ दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, मग दोनदा. हा कोड १२. तो तीनदा आला की यंत्रणा बोलायला तयार आहे असं समजायचं. त्यापाठोपाठ १५ आला, तर संगणकाला अशक्य थंडी दिसते आहे.

आता खरी गंमत. इंजिन बंद करून कनेक्टर काढायचा आणि त्याची दोन टोकं वायरीच्या तुकड्याने एकमेकांना जोडायची. संगणकाचा फ्यूज अर्धा मिनिट काढून जुने कोड पुसायचे, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि कोड पुन्हा वाचायचे. १४ आला, म्हणजे संगणकाला आता भलतीच उष्णता दिसते. वायरिंग आणि संगणक दोन्ही शाबूत, सेन्सर गेलेला किंवा कनेक्टरच सैल बसलेला. पुन्हा १५ आला, तर वायर आतून तुटलेली असेल किंवा टोकांवर हिरवट गंज चढलेला असेल. अशा वेळी नवा सेन्सर घालून काही होत नाही, म्हणून तो विकत घेण्याआधी ही परीक्षा घ्यावीच.

१९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारी आणि हलक्या ट्रकना १६ खाचांचं एकसारखं सॉकेट सक्तीचं झालं. तिथे पेपरक्लिप चालत नाही, स्कॅनर लागतो, आणि सुटलेला हाच कनेक्टर पडद्यावर पी-०११८ म्हणून दिसतो.