मन्याजन्य शिरःशूल आणि हस्तचिकित्सा

मानेच्या मागून सुरू होऊन एकाच बाजूने भुवईपर्यंत येणारी डोकेदुखी घेऊन रुग्ण आला, की तिला अर्धावभेदक ठरवून नस्य सुरू करण्याचा आपला प्रघात आहे. मानेस हात लावून पाहणारे वैद्य थोडेच.

मानेच्या वरच्या तीन नाड्या व चेहऱ्याची त्रिधारा नाडी यांच्या संवेदना एकाच केंद्रात मिळतात. म्हणून विकृती मणक्यांच्या संधीत असूनही वेदना डोळ्यामागे जाणवते. सुश्रुताचार्यांनी अनन्तवातात मन्येपासून नेत्र, भुवई व शंखप्रदेशी जाणारी वेदना वर्णिली आहे. तो त्रिदोषज असल्याने दोन्ही व्याधी एकच, असे मात्र मी म्हणणार नाही.

स्पर्श करण्यापूर्वी प्रश्न विचारावेत. पूर्वी कधी न अनुभवलेली तीव्र वेदना, तोल जाणे, दुहेरी दिसणे, बोलण्यात जडपणा, नुकताच झालेला आघात यांपैकी काही असल्यास मानेस हात न लावता रुग्णालयात पाठवावे. मानेतील धमनी आतून फाटली असता प्रथम लक्षण म्हणून केवळ मानदुखी व शिरःशूल असू शकतो. जुन्या आमवातातही वरच्या मानेचे बंध शिथिल झालेले असू शकतात.

ही शंका नसल्यास रुग्णास उताणे निजवून हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवावी व त्याच स्थितीत मस्तक दोन्ही बाजूंस फिरवावे. निरोगी व्यक्तीत ते सुमारे ४४ अंश फिरते; दुखऱ्या बाजूस ३२ अंशांच्या आत अडकल्यास पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील संधीचा संशय घ्यावा.

अभ्यंग व मृदु स्वेदनानंतर रुग्णास पालथे निजवून जखडलेल्या संधीवर दोन्ही अंगठ्यांनी सावकाश, लयबद्ध दाब द्यावा. वेदना वाढताच थांबावे. झटका देऊ नये. शिर व ग्रीवा यांच्या संधीवरील कृकाटिका मर्माच्या आघाताने चलमूर्धता येते, हे आपण पाठ केले आहे. तरी केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेणारे पुढे आपल्याकडेच येतात! उताणे निजून हनुवटी किंचित आत घेण्याचा व्यायाम घरी नित्य करावयास सांगावा. २००२ साली ग्वेन्डोलिन जुल व सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हस्तचिकित्सा व असा व्यायाम, दोहोंचाही लाभ वर्षभरानंतर टिकलेला आढळला.

औषधविक्रेत्या बंधूंनीही लक्ष द्यावे. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधी, अथवा १० किंवा अधिक दिवस मिश्र वेदनाशामके तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. असा ग्राहक पुन्हा पाकीट मागावयास आला, तर त्यास प्रथम वैद्याकडे धाडावे.