गोगलगाय नव्हे, पाणवनस्पती शोधा

उपग्रहाला गोगलगाय दिसत नाही. ती पाण्याखाली, पानांना चिकटलेली, जेमतेम सेंटिमीटरभर. तरीही सेनेगलमध्ये गोगलगायीमार्फत पसरणाऱ्या शिस्टोसोमियासिस या जंतांच्या रोगाचा माग आकाशातून लागला.

या रोगाच्या मुळाशी एक धरण आहे. सेनेगल नदीच्या मुखाजवळ 1986मध्ये दियामा धरण उभं राहिलं. समुद्राचं खारं पाणी आत येईनासं झालं, ऊस-भाताला गोडं पाणी मिळालं आणि गोगलगायींचंही फावलं. त्यांना खाणारी नदीतली कोळंबी मात्र घटली. तिला प्रजननासाठी मचूळ पाण्यात जावं लागतं आणि वाटेत भिंत आडवी आली. 1988मध्ये सेनेगलमधल्या रिशार-तोल शहरात आतड्याच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण सापडले, पुढे साथच पसरली.

गोगलगायीतून बाहेर पडलेल्या जंतांच्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून शरीरात शिरतात. प्राझिक्वांटेलची गोळी जंत मारते, पण मूल पुन्हा त्याच पाण्यात डुंबतं आणि पुन्हा आजारी पडतं. म्हणून धोक्याचे पाणवठे नेमके ओळखायला हवेत. गोगलगायी मोजून ते जमेना, कारण आज जिथे त्यांची झुंबड, तिथे पुढच्या खेपेला एकही सापडत नाही.

संशोधक चेल्सी वुड आणि सहकाऱ्यांनी 2019मध्ये उत्तर दिलं: गोगलगाय नव्हे, तिचं घर मोजा. मुळं न रोवता पाण्यात तरंगत वाढणाऱ्या वनस्पतींचे पट्टे उपग्रह आणि ड्रोनच्या चित्रांत ओळखता येतात. गावातल्या संसर्गाचा अंदाज गोगलगायींच्या मोजणीपेक्षा या पट्ट्यांच्या क्षेत्रफळावरून अधिक चांगला येतो. किती साधी, किती सुंदर युक्ती!

पण नकाशाने जंत मरत नाहीत. संशोधक जेसन रोर यांच्या गटाने सेनेगलमधल्या पाणवठ्यांतून ही वनस्पती उपसून काढली, तेव्हा मुलांमधला पुनर्संसर्ग घटला. उपसलेल्या वनस्पतीचं खत झालं, गुरामेंढ्यांना चाराही झाला. हे संशोधन 2023मध्ये प्रसिद्ध झालं.

उपग्रहाच्या कौतुकात पायी शोध घेणारे विसरले जातात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचं ठाणं गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी उजेडात आणलं, ते 1952मध्ये. तिथे वाहक म्हणून फेरिसिया टेन्युइस ही इवलीशी गोगलगाय ओळखली गेली. अशा ठिकाणी पाण्यात उतरून आणि लघवी तपासूनच रोग सापडतो. उपग्रहाच्या नकाशावर पैसा खर्च करणाऱ्या सरकारांनी पाणवठ्यावर जाणाऱ्या या माणसांसाठीही तरतूद करायला हवी.