पिनोशेला लंडनमध्ये पकडलं कोणी?

मागच्या एपिसोडनंतर एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. मानवी हक्कांचे करार होतात, सह्या होतात, फोटो निघतात. पण देशाचा प्रमुखच स्वतःच्या लोकांचा छळ करत असेल, तर त्याला पकडणार कोण? जगाचा म्हणून काही पोलीस आहे का?

नाही. तसा पोलीस कुठेच नाही. पण १६ ऑक्टोबर १९९८च्या रात्री लंडनच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये काय झालं ते ऐका.

पाठीच्या ऑपरेशनसाठी तिथे ८२ वर्षांचा एक म्हातारा दाखल होता. नाव ऑगस्तो पिनोशे. १९७३ साली लष्करी बंड करून त्याने चिली देश ताब्यात घेतला आणि १९९०पर्यंत सोडला नाही. त्या काळात ३ हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा गायब झाली. छळ सोसलेले तर हजारोंनी. सत्ता सोडण्याआधीच त्याच्या राजवटीने आपल्यासाठी माफीचा कायदा करून ठेवला होता. पुढे तो सिनेटरही झाला, तहहयात! म्हणजे मायदेशात त्याला हात लावायची सोय नव्हती.

त्या रात्री ब्रिटिश पोलिसांनी त्याला अटक केली. वॉरंट होतं स्पेनच्या बाल्तासार गार्सोन या न्यायाधीशाचं. आता बघा, गुन्हा चिलीतला, न्यायाधीश स्पेनचा, अटक इंग्लंडमध्ये. हे जमलं कसं?

संयुक्त राष्ट्रांचा छळाविरुद्धचा एक करार आहे, १९८४ सालचा. त्यातलं एक कलम फार कामाचं आहे. छळाचा आरोप असलेला माणूस तुमच्या देशात सापडला, तर दोनच पर्याय. एक तर त्याला मागणाऱ्या देशाच्या ताब्यात द्या, नाहीतर स्वतःच्या यंत्रणेपुढे खटल्यासाठी उभं करा. 'आमचा काय संबंध' म्हणून हात झटकता येत नाहीत. आणि गंमत म्हणजे, चिलीने हा करार मंजूर केला १९८८ साली, म्हणजे खुद्द पिनोशे सत्तेवर असताना.

वकिलांचा मुद्दा एकच होता: साहेब राष्ट्रप्रमुख होते, त्यांच्यावर दुसऱ्या देशात खटला चालत नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने आधी ३ विरुद्ध २ मतांनी तो फेटाळला. मग कळलं की त्यातल्या एका न्यायाधीशाचे खटल्यात सहभागी झालेल्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलशी संबंध होते. तो निकालच रद्द झाला. (मला विचाराल तर बरंच झालं. पिनोशेलाही निःपक्ष न्यायाधीश मिळायलाच हवा.) मार्च १९९९मध्ये नव्याने निकाल आला, ६ विरुद्ध १. छळ हे राष्ट्रप्रमुखाचं अधिकृत काम मानून संरक्षण मिळणार नाही. मात्र करार लागू झाल्यानंतरच्या, म्हणजे १९८८च्या शेवटापासून पुढच्या छळापुरतंच. आरोपांची भलीमोठी यादी एका फटक्यात आखडली.

शेवटी काय झालं? मार्च २०००मध्ये ब्रिटिश गृहमंत्र्यांनी तब्येतीच्या कारणावरून त्याला सोडलं. सँटियागोच्या विमानतळावर व्हीलचेअरमधून उतरला आणि उठून चालायला लागला! पण परतला तोपर्यंत चिलीतली हवा बदलली होती. तिथल्याच न्यायालयांनी त्याचं संरक्षण काढलं, खटले सुरू झाले. शिक्षा व्हायच्या आधी तो गेला. तारीख १० डिसेंबर २००६, म्हणजे नेमका मानवी हक्क दिन.

लंडनची बातमी चाडमधल्या लोकांनीही ऐकली. त्यांचा हुकूमशहा इसेन हाब्रे सेनेगलमध्ये आरामात राहत होता. त्यांनी २०००मध्ये तिथेच तक्रार दाखल केली. सोळा वर्षं लागली, पण २०१६मध्ये डाकारच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

आणि आपण? भारताने या करारावर १९९७मध्ये सही केली, पण मंजुरी दिलेली नाही. छळ हा वेगळा गुन्हा ठरवणारा कायदाही नाही. याचा फटका आपल्यालाच बसतो. १९९५च्या पुरुलिया शस्त्रकांडातला मुख्य आरोपी भारताला हवा होता. २०११मध्ये डेन्मार्कच्या न्यायालयाने तो द्यायला नकार दिला. कारण काय, तर भारतात कोठडीत त्याचा छळ होण्याचा धोका आहे.