धानाच्या मुलखात थाइमची कुंडी

कोहमारा हे सडक अर्जुनी तालुक्यातले महामार्गावरचे गाव. भोवताली धानाच्या बांध्या. या भागात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बांधीत पाणी साचले की धान जोर धरते. पण मजुरीच्या पैशातून हौसेने आणलेले थाइमचे रोप त्याच पावसात काळे पडते. भगिनींनो, हे नुकसान टाळता येते.

थाइम ही तुळस-पुदिन्याच्या कुळातली, बारीक पानांची वनस्पती. तिचे माहेर भूमध्य समुद्राकाठचे कोरडे, खडकाळ डोंगर. तिचा वास ओव्यासारखा येतो, कारण दोन्हींत थायमॉल हे द्रव्य असते.

थाइमला खरा धोका मुळाशी थांबलेल्या पाण्याचा. घट्ट ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते, मुळे कुजतात. वरून पाने सुकलेली दिसतात. आपण तहान लागली समजून आणखी पाणी घालतो आणि रोप हातचे जाते.

म्हणून सांदवाडीत थेट जमिनीत लावू नये. तेलाचा जुना डबा घ्यावा, तळाला खिळ्याने आठ-दहा छिद्रे पाडावीत. दोन भाग जाडी वाळू व बारीक मुरूम, एक भाग माती, मूठभर कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. जास्त खत नको. त्याने रोप लुसलुशीत वाढते व लवकर सडते. तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते लगेच खालून गळू लागले नाही, तर आणखी वाळू मिसळावी. डबा दोन विटांवर ठेवावा.

लागवड दिवाळीनंतर करावी. हिवाळाभर भरपूर ऊन द्यावे. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. मे महिन्यात दुपारची सावली हवी. पावसाळ्याआधी कोवळे शेंडे छाटून झुडूप विरळ करावे. पण जुन्या लाकडी दांड्यापर्यंत कापू नये, तेथून फूट येणे कठीण. छाटलेली पाने सावलीत वाळवून डब्यात भरावीत. पावसाळ्यात कुंडी छपराच्या वळचणीखाली, पण पागोळ्यांपासून दूर, उजेडात ठेवावी. बुडाशी तणस पसरू नये. बारीक खडी पसरावी.

एवढे जमणार नसेल तर पानओवा लावावा. शेजारणीकडून एक फांदी मागून आणली की पुरे. जाड, लवदार पानांचे हे झाड दमट हवेत सहज टिकते, वासही थाइमच्या जवळचा. भजी होतात, चटणीत चालतो. मात्र त्यालाही साचलेले पाणी सोसत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. थाइम काय किंवा पानओवा काय, ही स्वयंपाकाची पाने आहेत. लेकराला ताप असेल, धाप लागत असेल, तर काढ्यावर विसंबू नये; त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.