सरकारी तिजोरीतला रुपया सुटतो कसा?

शेंदूरजनाघाटचा मतदार विधानसभेला मोर्शी मतदारसंघात मत देतो आणि लोकसभेला वर्धा मतदारसंघात, जिल्हा अमरावती असला तरी. त्यामुळे दिल्लीच्या अर्थसंकल्पावर इथल्या संत्रा बागायतदाराच्या वतीने हात वर करतो तो वर्ध्याचा खासदार. त्या हाताला नेमका किती अधिकार आहे, हे समजून घेणे कलमांच्या रोपवाटिकांवर जगणाऱ्या या गावाला फार गरजेचे आहे.

केंद्राचे कर आणि कर्ज भारताच्या एकत्रित निधीत जमा होतात. संसदेने कायदा केल्याशिवाय त्यातून एक रुपयाही काढता येत नाही. 2017 पासून अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला जातो; आपल्याकडे संत्र्याचा आंबिया बहार फुटलेला असतो तेव्हा. टीव्हीवर दिसते ते अर्थमंत्र्यांचे भाषण. खरा मजकूर असतो सोबतच्या जाड पुस्तकांत, मंत्रालयवार ‘अनुदानाच्या मागण्यां’मध्ये.

या खर्चाचे दोन भाग पडतात. कर्जावरचे व्याज, न्यायाधीशांचे पगार यांसारखा खर्च ‘भारित’. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. बाकीचा मताला टाकला जातो. 2025-26 चा केंद्राचा अर्थसंकल्प सुमारे 50 लाख 65 हजार कोटींचा होता आणि त्यात एकट्या व्याजाचे 12 लाख 76 हजार कोटी. म्हणजे रुपयातल्या चार आण्यांचा निर्णय आधीच झालेला.

मतासाठी आलेल्या मागणीवर लोकसभेपुढे तीनच वाटा असतात: मंजूर करणे, नाकारणे किंवा कमी करणे. वाढवण्याची वाट घटनेच्या 113 व्या कलमात नाहीच, कारण राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात सरकारच्या संमतीशिवाय, मागणी मांडताच येत नाही. खासदार कितीही तळमळीचा असला तरी मतदानाच्या जोरावर संत्र्यासाठी एक रुपया वाढवून घेऊ शकत नाही. तो कपात सूचना देऊ शकतो. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना. एखादे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर शंभर रुपये कमी करण्याची. अशी सूचना मंजूर झाली तर सरकारवरचा विश्वासच उडाल्यासारखे होते, म्हणून बहुमतातले सरकार ती होऊ देत नाही. पण तिच्या निमित्ताने विषय सभागृहात येतो, मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कायमचे नोंदले जाते.

त्याआधी, अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत, विभागवार स्थायी समित्या या मागण्या तपासतात. अशा 24 समित्या आहेत, प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून 31 सदस्य. तिथे पक्षाचा आवेश कमी आणि प्रश्न जास्त असतात. माझ्या मते सामान्य खासदाराला खर्चावर बोट ठेवण्याची सर्वांत चांगली जागा हीच.

सभागृहात मात्र मोजक्याच मंत्रालयांवर चर्चा होते. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. 23 मार्च 2023 रोजी गोंधळात लोकसभेने सुमारे 45 लाख कोटींच्या खर्चाला चर्चेविना मंजुरी दिली. एकाही मंत्रालयाला सभागृहात हिशेब विचारला गेला नाही. ही गोष्ट मला फार लागते. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांनीही त्या दिवशी मतदाराचा हक्क वाया घालवला.

मागण्यांनंतर विनियोजन विधेयक येते आणि त्यानेच निधीचे कुलूप उघडते. करांसाठी वित्त विधेयक वेगळे. राज्यसभा या विधेयकांवर शिफारशीच करू शकते, त्याही 14 दिवसांत.

राज्यातही रचना हीच. अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मुंबईत मांडतात आणि वर्षभरात कमी पडलेल्या पैशांसाठी पुरवणी मागण्या आणतात. 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे ठरले. ते बहुधा डिसेंबरात होते, आंबियाचा माल बाजारात असतो तेव्हाच.

हे सगळे संत्र्याच्या उदाहरणाने पाहू. बांगलादेशाने 2023 मध्ये संत्र्यावरचे आयात शुल्क किलोमागे 88 रुपयांपर्यंत नेले आणि आपला संत्रा अडला. शुल्काची बोलणी करणे केंद्राचे काम. अनुदान राज्यही देऊ शकते. पण ‘अनुदान देऊ’ ही घोषणा आणि पैसा यांत बरेच टप्पे आहेत. आधी लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचे ठरावीक खाते, लागते, मग त्याखाली तरतूद, ती नसेल तर पुरवणी मागणी, मग शासन निर्णय, मग निधी वितरण आणि शेवटी कोषागारातून बिल. तरतुदीच्या रकान्यात कधी फक्त एक हजार रुपये दिसतात. ती लाक्षणिक तरतूद: दार उघडले, पैसा अजून यायचा आहे. आणि 31 मार्चपर्यंत खर्च न झालेली मंजुरी सहसा संपते. म्हणून कोणी घोषणा दाखवली तर लेखाशीर्ष आणि रक्कम विचारावी.

पुढच्या वर्षाचे अंदाज मंत्रालयांत आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच जुळवायला लागतात. फेब्रुवारीत निवेदन घेऊन जाणाऱ्याला उशीर झालेला असतो. आपली मागणी दसऱ्याच्या सुमारास, लेखी, खासदार आणि आमदार दोघांनाही द्या. अधिवेशन संपले की त्यांना विचारा, ‘कृषी विभागाच्या मागणीवर तुम्ही बोललात का?’ लोकसभा आणि विधानसभा दोन्हींची कार्यवाही प्रसिद्ध होते आणि ती कोणालाही वाचता येते.