मे महिन्यात 60 पोरं, जुलैत 22: तायक्वांदो क्लब गळतो कुठे?

उन्हाळी शिबिर हाउसफुल्ल झालं म्हणजे क्लब चालला, असं समजू नका. व्हिडिओत हे गणित घाईत झालं, इथे नीट बघू.

समजा, मेमध्ये 60 मुलं, महिना फी 500 रुपये. जमा 30,000. हॉलचं भाडं 8,000, मदतनीस कोचला 7,000. उरले 15,000. झकास! पण जूनमध्ये शाळा सुरू होते. जुलैत 22 मुलं आली, तर जमा 11,000 आणि खर्च तोच 15,000. म्हणजे 4,000 खिशातून.

दरवेळी पोरगं कंटाळलेलं असतं असं नाही. वाळूज-बजाजनगरात आईवडील कंपनीत, शिफ्ट बदलत राहते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी क्लासला सोडणार कोण? त्याच फीमध्ये शनिवार-रविवार सकाळची बॅच द्या, बुडालेले दिवस तिथे भरून काढू द्या. सलग तीन दिवस गैरहजर असेल तर फोन करा. मेसेज नको, फोनच.

दुसरी गळती नववीत, ट्यूशनमुळे. इथे पालकांना खरी माहिती द्या. नियमात बसणाऱ्या स्पर्धांसाठी दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकरीत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण कुठल्याही ‘नॅशनल कप’चं सर्टिफिकेट त्याला चालत नाही! कोणती स्पर्धा चालते, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारा, मगच एंट्री फी मागा.

आणि हो, पैसे कमी पडले म्हणून बेल्टची परीक्षा लावू नका. पालकांना ते लगेच कळतं.