दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा हिशेब कोणी द्यायचा?

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच सुमारे तासाभरात मोरा बंदराला लागते. मोठी ओहोटी असली की गाळामुळे तीही खोळंबते. 2024 च्या जानेवारीत याच उरण तालुक्याच्या किनाऱ्याला अटल सेतू येऊन भिडला आणि त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकलही आली. अंतरे कमी झाली, याचा आनंद रास्तच आहे. परंतु मोऱ्यातील एखाद्या कर्णबधिर मुलीचे, तिला समजेल अशा शिक्षणापासूनचे अंतर किती कमी झाले, हे कोणत्या कार्यालयात विचारावयाचे?

कायद्यांची उणीव आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. अपंग बालकांना शक्यतो सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, अशी शिफारस 1966 साली अहवाल देणाऱ्या कोठारी आयोगाने केली होती. 1974 साली केंद्राची एकात्म शिक्षण योजना आली, 1995 साली अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला आणि 2009 साली शिक्षण हक्क कायदा आला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर 6 ते 18 वयोगटातील, ठरलेल्या प्रमाणाइतके अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शिवाय दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करावे, त्यांच्या गरजा कोणत्या व त्या कितपत भागतात हे पाहावे, असे स्पष्ट बंधन घातले. म्हणजे प्रश्न हक्काचा उरलेला नाही. तो हिशेबाचा आहे.

विभागलेली जबाबदारी

नवी मुंबईच्या पसाऱ्यात मोऱ्याचेही नाव घेतले जाते. पण 1992 साली स्थापन झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेत हा भाग येत नाही. त्या महापालिकेने वाशी येथे दिव्यांग मुलांसाठी शिक्षण, प्रशिक्षण व सेवा केंद्र उभारले. उरणच्या पालकाला मात्र निरनिराळ्या दारांशी जावे लागते. तालुक्यातील सरकारी शाळा काही जिल्हा परिषदेच्या, तर काही नगरपरिषदेच्या. विशेष शिक्षकाची व्यवस्था समग्र शिक्षा योजनेतून होते, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे येतात आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र आरोग्य खात्याचे. जिल्हा रुग्णालय अलिबागला. तेथे जायचे तर करंजाहून लाँचने रेवस गाठावे, नाहीतर पेणवरून वळसा घालावा. रोजाने काम करणाऱ्या आईबापांना अशा प्रत्येक खेपेची किंमत एका दिवसाच्या मजुरीने चुकवावी लागते. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

प्रत्येक खात्याचा स्वतःपुरता हिशेब बहुधा बिनचूक असतो. शिबिर भरले, साहित्य वाटले, अनुदान खर्ची पडले. परंतु मूल वाचू लागले काय, त्याला वर्गात प्रश्न विचारता येतो काय, याचा रकाना कोणाच्याच नोंदवहीत नसतो. पटावर नाव असणे म्हणजे शिक्षण मिळणे नव्हे.

दंडाची भीती पुरेशी नाही

जाब विचारणे म्हणजे शिक्षा करणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती किती घातक ठरते, याचा धडा अमेरिकेतील टेक्सास राज्याने दिला. तेथे 2004 पासून शालेय जिल्ह्यांच्या तपासणीत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी 8.5 टक्के हे प्रमाण मानले गेले. त्याहून अधिक मुले दाखविणाऱ्या जिल्ह्यावर तपासणीचे सावट येई. परिणामी मुलांच्या गरजा कमी झाल्या नाहीत. केवळ त्या नोंदविण्याचे प्रमाण घटले. हजारो मुले मदतीवाचून राहिली आणि 2018 साली केंद्र सरकारने त्या राज्यावर कायदाभंगाचा ठपका ठेवला. चुकीची गोष्ट मोजली की माणसे तीच गोष्ट सांभाळतात, हा अर्थशास्त्रातील जुना अनुभव येथे मुलांच्या वाट्याला आला.

तेव्हा जबाबदारी आणि साहाय्य यांची सांगड घातलीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर 10 आणि त्यापुढे 15 विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरविले. महाराष्ट्र शासनाने 2024 साली 4,860 विशेष शिक्षकांची पदे निर्माण केली, म्हणजे साधारणतः एका केंद्राला एक. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. त्या सर्वांभोवती फिरणारा शिक्षक एका मुलाला आठवड्यात किती तास देऊ शकेल, याचा हिशेब साधी त्रैराशिके सोडविणारा विद्यार्थीही मांडू शकेल. अशा शिक्षकाकडे केवळ प्रगतीचे तक्ते मागणे अन्यायाचे होईल.

यास उपाय फारसा खर्चिक नाही. प्रत्येक तालुक्याने वर्षातून एकदा चार गोष्टी जाहीर कराव्यात: किती मुले आढळली, किती जणांना प्रमाणपत्र मिळाले, प्रत्येकास विशेष शिक्षकाचे किती तास लाभले आणि वर्षभरात त्याच्या शिकण्यात कोणता फरक पडला. मुलांची नावे अर्थातच गुप्त राहावीत. ज्या तालुक्याचे आकडे दुबळे, तेथे नोटिशीच्या आधी शिक्षक, उपचारतज्ज्ञ व प्रमाणपत्राचे फिरते शिबिर पोहोचावे. ही सारी मदत मिळूनही सुधारणा न झाल्यासच वरिष्ठांना जाब विचारावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हा तक्ता प्रथम त्यांच्यापुढे वाचला जावा.

सेतूवरून दररोज किती वाहने गेली, याची मोजदाद पथकराच्या नाक्यावर चोख होते, कारण तेथे पैसा गुंतलेला असतो. मोऱ्यातील त्या मुलीचीही तितकीच चोख मोजदाद झाली पाहिजे. तेथे तर एक सबंध आयुष्य गुंतलेले आहे.